आवश्यक मेदाम्ले : आधी घरचा डबा पाहावा

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने आरोग्याच्या प्रश्नावर लेखणी उचलावी, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यापुढील विद्या पोत्यात हात घालून नमुना काढता काढता मिळालेली. तथापि ज्या वस्तूंच्या खरेदीविक्रीत आमचे आयुष्य गेले, त्यांतीलच काही वस्तूंचे सत्त्व आता रंगीत बाटल्यांतून औषधाच्या थाटात विकले जात आहे, आणि आपल्या समाजातील पुष्कळ वडीलधारी मंडळी ते मोठ्या श्रद्धेने, परंतु अपुऱ्या माहितीवर, घेत आहेत. अशा वेळी तेलबियांच्या व्यापाऱ्याने मौन धरणे हे आम्हांस आपल्या धंद्याशी प्रामाणिक राहणे वाटत नाही. म्हणून संपादक मंडळाच्या अनुमतीने हे चार शब्द.

प्रश्न आहे तो 'ओमेगा' या नावाने घरोघरी परिचित झालेल्या पूरक कॅप्सूलांचा. हृदयासाठी, सांध्यांसाठी, स्मरणशक्तीसाठी, केसांसाठी, अशा नाना कारणांनी त्या सुचवल्या जातात. घ्याव्या की न घ्याव्या? घ्यायच्या तर कोणत्या? आणि आपल्यासारख्या शाकाहारी, व्रतनियम पाळणाऱ्या कुटुंबांनी त्यांत काय पाहावे? आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. पूरकाची निवड औषधाच्या दुकानात सुरू होत नाही. ती घरच्या तेलाच्या डब्यापासून सुरू होते. डब्यात काय आहे हे ज्याने पाहिले नाही, त्याने बाटली विकत घेणे म्हणजे कोठारात माल किती आहे हे न पाहता नवी खरेदी करणे होय.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपण खातो ते प्रत्येक तेल वा तूप अनेक मेदाम्लांचे बनलेले असते. त्यांतील बहुतेक मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. परंतु दोन अशी आहेत की जी अन्नातूनच मिळवावी लागतात, म्हणून त्यांस 'आवश्यक' असे म्हणतात. हा शोध १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने प्रसिद्ध केला. उंदरांस स्निग्धांशविरहित आहार दिला असता त्यांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली. आणि योग्य मेदाम्ल अल्प प्रमाणात देताच ते सुधारले. त्या दोन आम्लांची नावे लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक. पहिले ओमेगा-६ च्या वर्गातील, दुसरे ओमेगा-३ च्या. या दोन्ही नावांच्या मुळाशी असलेला 'लिनम' हा लॅटिन शब्द म्हणजे आपले जवस, ज्यास येथील हिंदी भाषिक बंधू अलसी म्हणतात. म्हणजे ज्या पदार्थासाठी आपण परदेशी नावाची बाटली शोधत फिरतो, त्याचे नावच मुळी आपल्या पोत्यातील दाण्यावरून पडले आहे.

आता डब्याकडे वळू. करडई आणि सूर्यफूल यांच्या नेहमीच्या तेलांत ओमेगा-६ विपुल, परंतु ओमेगा-३ जवळजवळ शून्य. शेंगदाणा आणि तीळ यांची तेले चवीला उत्तम. पण ओमेगा-३ च्या बाबतीत त्यांचीही तीच गत. सोयाबीनच्या तेलात ओमेगा-६ तर निम्म्याच्या आसपास असतेच, शिवाय शेकडा सुमारे ७ भाग ओमेगा-३ असते. मोहरीच्या तेलात हे प्रमाण साधारणपणे त्याहूनही थोडे अधिक असते. जवसाच्या तेलात मात्र निम्म्याहून अधिक भाग याच ओमेगा-३ चा असतो.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील वैद्यक संस्थेने २००२ साली अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे पुरेसे दैनिक प्रमाण पुरुषांस १.६ ग्रॅम आणि स्त्रियांस १.१ ग्रॅम असे धरले. ज्या घरात माणशी रोज २० ग्रॅम सोयाबीनचे तेल खर्च होते, तेथे सुमारे १.४ ग्रॅम ओमेगा-३ कोणाच्याही नकळत पोटात जातच असते. भोपाळ हे सोयाबीनच्या मुलखातील शहर. येथील पुष्कळ स्वयंपाकघरांत हेच तेल असते. अशा घरच्या गृहस्थाने गरज म्हणून ओमेगाची बाटली घ्यावी, तर तो भरल्या गाड्यावर आणखी ओझे लादतो. उलट ज्या घरात वर्षानुवर्षे केवळ शेंगदाणा, करडई वा सूर्यफूल यांपैकीच तेल वापरले जाते, तेथे उणीव राहण्याचा संभव खरा. म्हणजे एकाच गल्लीतील दोन घरांस एकच सल्ला लागू पडत नाही. जाहिरात मात्र दोघांस एकच बाटली दाखवते.

याच कारणास्तव '३-६-९' असे तीन आकडे मिरवणाऱ्या बाटल्यांविषयी आम्ही विशेष सावध करू इच्छितो. यांतील ओमेगा-९ आवश्यक मेदाम्ल नव्हेच. शरीर ते स्वतः बनवते. ओमेगा-६ आपल्या रोजच्या फोडणीत पुरेसे असते. म्हणजे तीनांपैकी दोन आकड्यांसाठी पैसे मोजणे हे समुद्रावर पाऊस पाडण्यासारखे आहे. ग्राहकास वाटते, तीन वस्तू मिळाल्या. वस्तुतः हवी असलेली एकच, आणि तीही तितकी कमी.

जवसाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस भाग आहे. मध्य प्रदेशात बुंदेलखंडातील सागर-दमोहकडचा भाग आणि भाताच्या शेतांचा बालाघाटकडचा भाग यांत हे रब्बीचे पीक जुने आहे. भाताच्या मुलखात धान उभे असतानाच ओल्या जमिनीत जवस फोकून देण्याची 'उतेरा' पद्धत आहे. नांगरट नाही, निराळे पाणी नाही. विदर्भात तर जवसाचे तेल खाण्यात होतेच, आणि जवसाची चटणी भाकरीबरोबर असणे ही तेथील नित्याची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्यांच्या सामानात ही चटणीही आलीच. पुढे सोयाबीन, गहू, हरभरा यांनी जवसाची शेते व्यापली आणि नव्या पिढीच्या ताटातून चटणी मागे पडली. आता तीच वस्तू मऊ कॅप्सूलमध्ये भरून परत येत आहे.

परत येताना ती किती येते, हेही पाहावे. जवसाच्या शंभर ग्रॅम दाण्यात सुमारे २२ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. म्हणजे मोठा चमचाभर, अदमासे १० ग्रॅम, जवसातून २ ग्रॅमहून अधिक मिळाले. जवसाच्या तेलाच्या हजार मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते सुमारे अर्धा ग्रॅम असते. एका चमच्याची बरोबरी करण्यास चार कॅप्सूल लागल्या. शिवाय दाण्यातील तंतू आणि प्रथिने कॅप्सूलमध्ये नाहीतच. भाव आम्ही लिहीत नाही, कारण तो रोज बदलतो. परंतु ज्यास त्रैराशिक येते त्याने एक किलो जवसाचा दर आणि साठ कॅप्सूलांच्या बाटलीचा दर घेऊन स्वतःच मांडणी करावी.

तथापि आपल्या मालाची बाजू घेताना काटा मारणे आम्हांस मान्य नाही. जवसातील ओमेगा-३ आणि माशांच्या तेलातील ओमेगा-३ एक नव्हे. माशांच्या तेलात ईपीए व डीएचए नावाची लांब साखळीची मेदाम्ले असतात. जवसातील आम्लापासून शरीर ईपीए थोडे बनवते आणि डीएचए तर फारच अल्प. म्हणून 'जवस खाल्ले म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाची गरज उरली नाही' असे कोणी म्हणत असेल, तर ते आम्ही मानत नाही.

परंतु माशांच्या तेलाचा तरी अनुभव काय? १९७० च्या दशकात डॅनिश संशोधक बँग आणि डायरबर्ग यांनी ग्रीनलँडमधील लोकांच्या आहाराचा अभ्यास केल्यापासून या तेलाची कीर्ती पसरली. पुढे मोठ्या प्रमाणावर चाचण्या झाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ माणसे होती. रोज एक ग्रॅम देऊनही हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांची एकत्रित संख्या लक्षणीय घटली नाही. त्याच वर्षीच्या 'असेंड' चाचणीत १५,४८० मधुमेही होते. तेथेही हृदयरक्षणाचा लाभ दिसला नाही. २०१८ मध्येच 'रिड्यूस-इट' चाचणीत मात्र, ज्यांच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेले होते अशा रुग्णांस शुद्ध ईपीएची रोज ४ ग्रॅमची औषधी मात्रा दिली असता हृदयाचे गंभीर प्रसंग सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. उलट २०२० च्या 'स्ट्रेंग्थ' चाचणीत ईपीए-डीएचए मिश्रणाच्या तितक्याच मात्रेने लाभ झाला नाही. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, असेही आढळले. यावरून सामान्य माणसाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : ठराविक रुग्णांस ठराविक मात्रेत ते औषध आहे, आणि ते देणे डॉक्टरांचे काम आहे, निरोगी माणसाने शेजाऱ्याचे पाहून रोज एक घेणे यास फारसा आधार नाही.

आता आपल्या समाजाचा खास प्रश्न. पुष्कळ भगिनी केवळ 'ओमेगा-३' एवढे वाचून बाटली घेतात. ते ओमेगा-३ माशाच्या शरीरातून काढलेले असू शकते, हे त्यांस कोणी सांगत नाही. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आतील तेल जवसाचे असले तरी बाहेरचे मऊ आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होते. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर शाकाहारासाठी हिरवे वर्तुळ आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण, अशी खूण असते. परंतु खुणेवरच थांबू नये. घटकांची यादी वाचावी व आवरण कशाचे आहे ते विचारावे. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर तर अशी खूण सक्तीची नाही; २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने यांवर तसे बंधन घालण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. तेव्हा औषधाच्या पाकिटावर खूण नाही म्हणून ते शाकाहारी, असा अर्थ कोणीही काढू नये.

डीएचए शेवाळापासूनही काढतात, आणि तो माशांस पर्याय म्हणून पुढे केला जातो. हिंसेच्या दृष्टीने माशाहून ते निराळे, हे खरे. तरी आपल्या शास्त्रांत शेवाळाची गणना अनंतकाय साधारण वनस्पतीत केली आहे, हेही विसरता येत नाही. ज्याचे जसे व्रत, तसा त्याचा निर्णय. त्याने आपल्या गुरूस व डॉक्टरांस, दोघांसही विचारावे. विशेषतः गर्भवती भगिनींच्या बाबतीत आम्ही मत देणे धाष्टर्याचे होईल. तेथे डॉक्टरांचा शब्द प्रमाण. आमचे म्हणणे इतकेच की निर्णय जाणून घेतलेला असावा. न कळता व्रत मोडणे आणि न विचारता औषध सोडणे, दोन्ही अनिष्ट.

जो जवस निवडील त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. अखंड दाणा बहुतांशी जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून तो कुटूनच खावा. कच्च्या दाण्यात सायनाइड निर्माण करू शकणारी द्रव्ये अल्प असतात, भाजल्याने ती घटतात. सबब हलके भाजावे आणि दिवसाला एक-दोन चमच्यांवर जाऊ नये. बरोबर पाणी भरपूर प्यावे. जवसाचे तेल तळणीस वापरू नये, वरून घ्यावे. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल त्याने प्रथम डॉक्टरांस विचारावे. आणि कुटलेले जवस फार दिवस ठेवू नये, कारण दाणा फुटला की हवा लागून त्यातील तेल खवट होऊ लागते. येथे आम्हांस आपल्या पूर्वजांच्या दृष्टीचे कौतुक वाटते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस अशी प्रचलित आहे. जीवरक्षेसाठी घातलेली ही मर्यादा कुटलेल्या जवसास लावली, तर चटणीही ताजी राहते आणि नियमही पाळला जातो. महिनोन्महिने पाकिटात पडून असलेल्या जवसाच्या पिठाहून तीन दिवसांची घरची चटणी केव्हाही श्रेष्ठ.

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द, कारण हा लेख मुख्यत्वे त्यांच्यासाठीच आहे. ग्राहकाने बाटली सोडून आपल्या पोत्याकडे वळावे असे आम्ही म्हणतो. परंतु आपले पोते त्या विश्वासास पात्र आहे काय? आपल्याकडे जवस हे पुष्कळ काळ रंग, रोगण आणि छापखान्याची शाई यांचा कच्चा माल मानले गेले. रंगाऱ्याच्या डब्यातील बेलतेल आणि खाण्याचे तेल यांचा दाणा एकच; पण रंगाचे तेल प्रक्रिया केलेले असते व ते खाण्यास सर्वथा अयोग्य. ते दोन्ही एका फळीवर ठेवणे अक्षम्य आहे. धंद्यात एकदा सवय जडली की खडा, माती, बुरशी यांकडे 'रंगालाच तर जाणार' म्हणून दुर्लक्ष होते. जे ताटात जाणार त्यास ही सवलत नाही. १९९८ साली दिल्ली परिसरात मोहरीच्या तेलात धोत्र्याचे, म्हणजे पिवळ्या काटेधोत्र्याचे, तेल मिसळले गेल्याने साठाहून अधिक माणसे मृत्यू पावली. तेव्हा केवळ दोषी व्यापाऱ्यांची नव्हे, तर सगळ्या तेलबाजाराची पत गेली. पत पोत्यापोत्याने जमते आणि एका डब्याने जाते.

म्हणून आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत. खाण्याचे जवस निराळ्या स्वच्छ बारदानात, चाळून, निराळे ठेवावे. कुटलेला माल किंवा तेल विकताना कुटल्याची वा गाळल्याची तारीख लिहावी, आणि जुना माल निःसंकोच काढून टाकावा. वाणाची चौकशी करावी. कारण तेल अधिक टिकावे म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या टीएल-९९ सारख्या नव्या वाणात ओमेगा-३ मुद्दाम अत्यल्प केलेले आहे. तो वाण खाद्यतेलासाठी उत्तम असेल. परंतु ओमेगा-३ साठी आलेल्या ग्राहकास तो न सांगता देणे म्हणजे शरबतीच्या भावात साधा गहू देण्यासारखे होय. आणि रोग बरा होण्याचे कोणतेही आश्वासन दुकानाच्या पाटीवर लिहू नये. आपण धान्य विकतो. आरोग्य विकत नाही.

येथील बेरसिया मार्गावर केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था १९७६ पासून आहे, आणि सोयाबीनवरील प्रक्रियेचे काम तेथे १९८५ पासून चालते. करोंदच्या मंडीतील माणसास ती दूर नाही. आपल्या संघाने तेथील तज्ज्ञांस वर्षातून एकदा तरी बोलावून दाण्याची साठवण, भाजणी आणि खवटपणा यांविषयी तरुण व्यापाऱ्यांस माहिती द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. स्मरणिकेच्या जाहिरातींत आपण एकमेकांस शुभेच्छा देतो, ते योग्यच. परंतु एवढे एक काम झाले तर ती शुभेच्छा ग्राहकापर्यंतही पोहोचेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही तेल मर्यादेत वापरावे आणि आवश्यक मेदाम्लांसाठी विविध तेलबिया, कवचफळे, भरडधान्ये व कडधान्ये खावीत, असाच उपदेश आहे. तो वाचून आम्हांस नवल वाटले नाही, समाधान मात्र वाटले. ज्या वस्तूंची नावे त्या उपदेशात आहेत त्या सर्व आपल्याच दुकानांत आहेत. त्या शुद्ध ठेवणे आपल्या हाती आहे, आणि घरचा डबा तपासणे वाचकांच्या हाती. दोघांनी आपापले काम केले, तर पुष्कळ बाटल्यांची गरजच पडणार नाही; आणि ज्यांस खरोखर पडेल, ते ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, डोळे उघडे ठेवून घेतील.

सर्वांस जय जिनेंद्र.